मागे केलेला हात

बाईंच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एक वाक्य आलं असतं. असेल ते रेघेत, नसेल ते ठिपक्यांत. प्राचीन इराणातल्या एखाद्या भंगलेल्या शिल्पाचं चित्र काढायचं, तर दगडावर जेवढं शिल्लक आहे तेवढं सलग रेघेनं काढायचं. जे फुटून गेलं आणि आपण नुसतं ताडलं, ते ठिपक्यांनी. ठिपके म्हणजे चित्र काढणाऱ्याची कबुली, असं बाई म्हणत. चाळीस वर्षं म्हणत आल्या, आणि ज्या एका चित्रानं त्यांचं नाव झालं, नेमक्या त्याच चित्रात ती कबुली त्यांनी दिली नव्हती.

ते चित्र बाईंच्या तिशीतलं. तिकडच्या एका उजाड पठारावर राजवाडा गेला, पण त्याचा दगडी जिना राहिला. जिन्याच्या भिंतीवर राजाला नजराणे घेऊन निघालेली माणसं कोरलेली आहेत, एकामागे एक. प्रत्येक घोळक्यापुढे एक वाटाड्या असतो, हात मागे करून पाठीमागच्याचा हात धरलेला. बाई तीन महिने शिडीवर उभ्या राहून ती माणसं कागदावर उतरवत होत्या. त्यातल्या एका वाटाड्याचा हात मनगटापाशी फुटला होता आणि त्याच्यामागचा माणूस तर पुरताच गेला होता. बाईंनी फुटीच्या कडेवर ओला जाड कागद ब्रशनं ठोकून तिचा ठसा घेतला, उन्हात वाळवला आणि गुंडाळी करून घरी आणला.

घरी आल्यावर तो गेलेला हात कसा वळला असेल ते काही केल्या जमेना. तेव्हा त्यांनी ताईला इस्त्रीवरून उठवून दारात उभं केलं. ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर लहानग्या लेकीला घेऊन ती बाईंकडेच राहायला आली होती. ताईची उजवी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी बाईंनीच रागाच्या भरात दार लोटलं होतं, आणि ताईनं आईला सांगितलं होतं की माझी मीच चिमटून घेतली. पुढे कित्येक वर्षं दोघी शाळेत तशाच जात, ताई पुढे, बाई मागे. ताईचा हात मागे यायचा आणि त्याची तीनच बोटं बाईंच्या हाताला लागायची. चौथं आपलं अंतर राखून.

पाऊण तास ताई दारात उभी होती. दगडांशी लग्न लावलंस ते लावलंस, आता मलाही दगड कर, असं पुटपुटत होती. शेवटी म्हणाली, "रिकामा हात किती वेळ मागे धरू गं? कुणीतरी येऊन धरा तरी."

बाईंनी हात काढला, करंगळीसकट, ठिपक्यांनी. पुस्तक छापायला द्यायच्या आदल्या दिवशी मात्र ते ठिपके त्यांना मुंग्या लागल्यासारखे दिसायला लागले. त्यांनी लेखणी घेतली आणि सगळे जोडून टाकले. छापताना चित्र इतकं लहान झालं की करंगळी कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. हात मात्र दिसला. त्या हातात सक्ती आहे की माया, यावर जगभरच्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. बाईंना त्याच हातानं विभागप्रमुखाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली, त्या दिवशीही बाई एका परिषदेत याच हातावर बोलत होत्या. त्या इस्पितळात पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताईचा उजवा हात पांघरुणाबाहेर होता. आत घेतला तरी आई तो पुन्हा बाहेर काढायची, असं भाचीनं सांगितलं.

या सगळ्यानंतर एका सकाळी पट्टशिष्याचा फोन आला. तो आता संग्रहालयाचा प्रमुख होता, तरी बाईंशी बोलताना अजून उभा राहून बोलत असावा असं वाटे. तळघरात एक खोकं सापडलंय, म्हणाला. बाईंच्या जन्माआधी तिकडे गेलेल्या कुठल्याशा मोहिमेनं पाठवलेलं, खिळे ठोकलेलं, तारेचं सील तसंच. आत त्या काळच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला दगडाचा तुकडा आहे. "बाई, तुमचा हात सापडला."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबलावर तो ठेवला होता. बाईंनी पडदे ओढायला लावले आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून धरली. तिरप्या उजेडात कोरीव काम लपत नाही. राखाडी चुनखडी, दातेरी छिन्नीचे बारीक ओरखडे, आणि मागे वळलेला उजवा हात.

करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. त्यांनी आधी दगडाकडे नाही, शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं आणि बाईंच्या सहीचं एक पत्र मिळालं की हा तुकडा मधल्या दालनात जाणार होता. जुन्या खोक्यांना काय तोटा, रद्दीत जुनी वर्तमानपत्रंही मिळतात. पण वाकडी करंगळी छापलेल्या चित्रात दिसतच नव्हती. ती होती फक्त मूळ कागदावर, आणि तो कागद बाईंच्या घरी लोखंडी कपाटात कुलपात होता. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. दुसरी भाचीकडे.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. कपाट कुणी उघडलं होतं, एवढंच विचारलं. भाची म्हणाली, मी, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जुने रिपोर्ट हवे होते. आणि शिष्याशी परवा फोनवर काय चाललं होतं? तर तेच, मावशीला ऑपरेशनला तयार करा, तुमचं ऐकेल. मग ती हसत म्हणाली की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची नखं तुला दिसतात, पण आमटीतला केस दिसत नाही. बाई हसल्या नाहीत. चित्र कुणाला दाखवलंस, असं त्यांनी विचारलं, तेही दोनदा. भाची उठून आत गेली. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

बाई दर सकाळी संग्रहालयात जायला लागल्या. ठसा काढावा, छेद द्यावा, चोर पकडावा एवढंच डोक्यात. पण दगड त्यांना साथ देईना. कोरलेल्या रेघांवर क्षारांचा थर चढला होता आणि तो रेघेच्या तळापर्यंत सलग उतरला होता. असा थर बसायला शतकं लागतात, हे त्यांनीच या पोराला शिकवलं होतं. प्रयोगशाळेनंही तेच लिहून दिलं. चौथ्या दिवशी बाईंनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो कागदी ठसा घरून आणला आणि तुकड्याच्या कडेला लावला. फट राहिली नाही. दाढ खोबणीत बसावी तसा बसला.

फुटीची ती कड जगात दोनच ठिकाणी होती, त्या जिन्यावर आणि बाईंच्या गुंडाळीत. शिष्याचा चेहरा उतरला होता आणि तो चोराचा चेहरा नव्हता, हे बाईंना कळलं. त्यांना ते आवडलं नाही.

मग त्यांनी दगडाचा दुसरा भाग पाहिला. इतके दिवस करंगळीपुढे त्यांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. बाईंच्या चित्रातला हात रिकामा होता. दगडातला नव्हता. त्यानं मागच्या माणसाचा डावा हात धरला होता आणि तो मागचा हात म्हाताऱ्या माणसाचा होता. पेरं सुजलेली, शिरा वर आलेल्या. बाई सबंध जिना पायरी पायरीनं ओळखत होत्या. त्यावर म्हातारं कुणी नाही. त्या कारागिरांनी कुणाला म्हातारं केलंच नाही.

आणि त्या हाताच्या मनगटावर एक पट्टी होती.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या काळची कडी जाड असतात, त्यांच्या टोकांना सिंहाचं किंवा बदकाचं तोंड असतं. ही नुसती चपटी, पातळ पट्टी. तिच्यावर मध्ये एक लहानसा चौकोन, आणि पट्टीचं उरलेलं टोक बाहेर निघालेलं, घाईत बांधून कापायचं राहून गेल्यासारखं. साठ वर्षांत असला दागिना त्यांनी पाहिला नव्हता. दगड जुना असेल, थर जुना असेल, पण पट्टी त्या काळची नाही. कुणीतरी चुकलं होतं, आणि माणूसच चुकतो.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून बाईंनी पत्र लिहिलं. पट्टी त्या काळची नाही, सबब या तुकड्याला मी सही देत नाही. मग बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. नुसतं एवढं लिहिलं तर खोटेपणा तुकड्याच्या माथी मारून स्वतः सुटल्यासारखं झालं असतं. त्यांनी खाली लिहिलं, की माझ्या चित्रातला हात मी पाहिलेला नाही. तो ठिपक्यांत हवा होता. तो माझ्या बहिणीचा आहे.

शिष्यानं पत्र वाचलं. "बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," तो हळूच म्हणाला. "चाळीस वर्षांनी कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"तुकडा विचारतोय," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी भाचीचीही माफी मागितली. चांगल्या शब्दांत नाही जमलं. ऑपरेशनची तारीख घेऊन टाक, एवढंच म्हणाल्या. भाचीला ते पुरलं.

इस्पितळ लहान होतं, स्वच्छ, फिनेलच्या वासाचं. बाईंचा चष्मा काढून भाचीकडे दिला, डोक्यावर टोपी घातली, डोळ्यात थेंब टाकले. दुसऱ्या डोळ्यानंही आता फक्त उजेड आणि माणसांचे आकार दिसत होते. सिस्टर म्हणाली, सही करायचीय ना आजी, उजवा मोकळा ठेवा, डावा हात द्या.

मनगटाला काहीतरी गार लागलं. टच् असा आवाज झाला.

बाईंनी हात डोळ्यांच्या अगदी जवळ आणला. चपटी, पातळ पट्टी. मध्ये एक लहानसा चौकोन, त्यात त्यांचं नाव लिहिलेलं असावं. पट्टीचं उरलेलं टोक बाहेर निघालं होतं.

कात्री आहे का, त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, राहू दे की, टोचतंय थोडंच, घरी जाताना कापू. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

बाई बसून राहिल्या. टोक आत खोचायला गेल्या, ते पुन्हा बाहेर आलं.

थोड्या वेळानं आतलं दार उघडलं. एक आकार पुढे आला, वळला, आणि हात मागे करून त्यानं बाईंचा डावा हात धरला. बाई उठल्या. तो हात ऊबदार नव्हता, गारही नव्हता. सावलीतला दगड असतो तेवढा. त्या दोन पावलं चालल्या.

"मावशी, थांब," मागून भाचीचा आवाज आला. "सिस्टर खुर्ची आणायला गेल्यात. एकटीच कुठे निघालीस?"

बाईंनी हाताला लागलेली बोटं मोजली. तीन होती.