पुढची सीट

आजही सिग्नलला एखादी जुनी, घरघरणारी गाडी शेजारी येऊन थांबली की मी आधी तिच्या पुढच्या सीटकडे बघते. खोडच आहे ती. लागली १९८५च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरमध्ये.

रविवार होता. सामानाची पिशवी घेऊन मी बस स्टॉपवर पाऊण तास उभी होते. ऊन असं की नागपूरच्या पोरीनंही हात टेकावेत. तेवढ्यात आधी आवाज आला, मग पायाखालची जमीन थरथरली आणि मग एक गडद हिरवी गाडी पुढ्यात थांबली.

"रविवारी बस नसते," आतून चक्क मराठीत कोणीतरी म्हणालं.

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"पिशवीवर सीताबर्डीच्या साडीच्या दुकानाचं नाव आहे. मी राजाराम, कोल्हापूरचा. इथे चिप डिझाइन करतो. एवढं पुरे, की पासपोर्ट दाखवू?"

हसू दाबत मी दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. ड्रायव्हरच्या शेजारी सीटच नव्हती. नुसता पत्रा आणि बोल्टची चार भोकं.

"मागे बसा ना," तो जरा ओशाळला. "ती काढून ठेवलीय. वजन कमी होतं."

मग कळलं की गाडी १९६८ची पाँटिअ‍ॅक जीटीओ आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी हा माणूस ती वाळवंटातल्या ट्रॅकवर पाव मैलाच्या शर्यतीत पळवतो. शाळेत असताना रद्दीच्या दुकानात एका अमेरिकन मासिकात त्यानं तिचं चित्र पाहिलं होतं. "मी इथे पोचलो तोवर सगळं संपलं होतं," तो म्हणाला. "पेट्रोल महागलं, कंपन्यांनी इंजिनं लहान केली. आता अशा गाड्या फक्त आमच्यासारख्या येड्यांकडे." बोलताना तो स्टिअरिंगवर असा हात फिरवत होता, की मला उगाचच अवघडल्यासारखं झालं.

पुढे दर रविवारी तो मला सामान आणायला न्यायचा. वीस मैल जाऊन, वीस मैल येऊन. मी मागे शेटाणीसारखी, तो पुढे ड्रायव्हरसारखा. जॅक, जादा चाक, रेडिओ, अ‍ॅशट्रेसुद्धा त्यानं काढून टाकला होता.

"मग मागची सीट का ठेवली?" मी एकदा विचारलं.

"मागच्या चाकांवर वजन लागतं. पकड येते."

"म्हणजे मी वजन?"

"चांगलं वजन," तो म्हणाला. आरशात त्याचे डोळे हसत होते... आरशात मला तेवढेच दिसायचे.

जुलैत तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. पण पुढे काहीच नाही. माझ्या थिसिसचे टाइप केलेले कागद विद्यापीठात पोचवायचा, माझ्यासाठी कोथिंबीर शोधत तीन दुकानं हिंडायचा आणि गाडीत बसलं की कार्बुरेटरबद्दल बोलायचा. याला मी आवडते, की सामान उचलायची हौस आहे? माझी रूममेट शैला म्हणायची, "तू घोड्यावर बस आधी, मग वरात कुठे चाललीय ते कळेल." मला तर घोडाच दिसत नव्हता.

ऑगस्टमध्ये दूर, दुसऱ्या राज्यातल्या सनीव्हेलची नोकरी आली. चँडलरमध्येही एक होती, पण मी राजारामला सांगितलं ते सनीव्हेलचंच. तो काय म्हणतो ते बघायचं होतं.

"छान," तो म्हणाला. "तिकडे हवा चांगली आहे."

हवा! मी त्याच रात्री होकाराचं पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि पर्समध्ये टाकलं. शनिवारपर्यंत टाकायचं होतं. रोज टपालपेटीवरून जायचे आणि रोज पत्र पर्समध्येच राहायचं. कोणावर चिडले होते मी? त्याच्यावर की माझ्यावर?

शनिवारी शैला म्हणाली, "राजारामनं पुढची सीट बसवलीय. त्याच्या शेजारी राहणाऱ्या गिरीशनं पाहिलं. म्हणे गाडी विकायला काढली असेल, पूर्ण गाडीला गिऱ्हाईक मिळतं."

म्हणजे सीट बसली तीही गिऱ्हाइकासाठी. का कोण जाणे, मला रडू आलं. तरी शैलाला म्हटलं, मला ट्रॅकवर सोड. जाता जाता पत्रही पडेल.

पत्र नाही पडलं. मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि राजारामची हिरवी गाडी एका निळ्या कमॅरोशेजारी उभी होती. दिवे हिरवे झाले, दोन्ही गाड्या किंचाळत सुटल्या आणि राजाराम सेकंदाच्या दहाव्या भागानं हरला. माझ्या शेजारचे टोपीवाले म्हातारे आजोबा इंग्रजीत पुटपुटले, "मूर्ख पोरगा. सीट काढली असती तर जिंकला असता. स्टार्टच्या आधी मी सांगितलं होतं त्याला."

मी तरातरा पायऱ्या उतरून खाली गेले. तो बॉनेटला टेकून उभा होता. हरलेला, पण चेहरा हरलेला नव्हता.

"गाडी विकतोयस?"

"कोण म्हणालं?"

"मग सीट?"

तो बुटानं खडी उकरत राहिला. "तू चाललीस ना सनीव्हेलला. म्हटलं, जाण्याआधी एकदा तरी पुढे बसावीस..."

"आणि शर्यतीपुरती काढली का नाहीस?"

"हात लावला होता पान्याला. नाही जमलं. एकदा बसवलेली तुझी जागा परत काढायची म्हणजे..." त्यानं मान वर केली. मग एका दमात म्हणाला, "पद्मजा, चार महिने आरशात बघून बोलतोय मी. मला तू आवडतेस. तुला जायचं असेल तर जा. पण माहीत असू दे."

इतके महिने मी याच वाक्याची वाट बघत होते. मी दार उघडलं आणि पुढे बसले. सीट तापलेली होती, बोल्ट नवे होते. तो शेजारी येऊन बसला. पहिल्यांदाच मला त्याचा अख्खा चेहरा इतक्या जवळून दिसला. डाव्या भुवईवर काळं ऑइल लागलं होतं. मी ओढणीच्या टोकानं ते पुसलं. त्यानं किल्ली फिरवली.

"कुठे जायचं?" त्यानं विचारलं.

पर्समधलं पत्र काढून मी त्याचे सावकाश दोन तुकडे केले.

"टपालपेटी सोडून कुठेही," मी म्हणाले.