दाढीवालं शेत

हसू नका हं, भरदुपारी घडलेली गोष्ट आहे. पाऊस रुसून बसला होता त्या दिवसांतली. मावशीचा निरोप आला, "ट्रॅक्टर घेऊन ये, शेत नांगरून दे." म्हणून जेवण उरकून निघालो.

मावशी दारातच उभी होती. काका जाऊन वर्ष झालं होतं, पण बाईच्या जिभेची धार तशीच.

"बघ ते शेत! दाढी वाढलेल्या माणसासारखं दिसतंय. तुझ्या काकांनी दुष्काळात कधी नांगर घालू दिला नाही. कापलेल्या पिकाची धसकटं माती धरून ठेवतात म्हणे. आता मी मालकीण!"

मी नांगर जमिनीत घातला. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, निम्मं झालं आणि वारा सुटला. शेजाऱ्याचं शेत आधीच नांगरलेलं होतं. तिथली मोकळी माती भिंतीसारखी उठली आणि सूर्य गिळून माझ्याकडे सरकली. बघता बघता दिवा लावावा असा अंधार. दाताखाली कचकच, कानांत नुसतं घोंघावणं. आणि त्यात कुठून तरी ओल्या मातीचा गार वास... पाण्याचा थेंब नसताना.

मागे कोणीतरी खोकलं.

नांगर आपोआप वर उचलला गेला. मी दांडा ओढून तो खाली सोडला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा दांडा धरला, तर माझ्या हातावर दुसरा हात पडला... गार, खरखरीत.

"पुरे..." अगदी कानाशी.

मी ट्रॅक्टर तिथेच टाकून घराकडे धूम ठोकली. मावशीनं सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मेल्यावरही हट्ट सोडत नाही हा माणूस!" मग खिडकीकडे वळून म्हणाली, "बरं बाबा, राहू दे तुमचं शेत दाढीवालं!"

सकाळी पाहतो तर शेजाऱ्याचं शेत खरवडून काढल्यासारखं, खालचा मुरूम उघडा पडलेला. मावशीची माती मात्र जागच्या जागी. उलट शेजाऱ्याची थोडी धसकटांत अडकून हिच्याकडे आलेली.

"आयती आली की रे!" मावशी खूश.

मी उलटवलेलं तास काही सापडेना. तिथली धसकटंसुद्धा पुन्हा ओळीनं उभी होती.

"तुझ्या काकांचं काम," मावशी अभिमानानं म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मलाही छान वाटलं. मुळं तर नांगरानं तुटली होती, म्हणून एक धसकट सहज चिमटीत धरून उपटायला गेलो.

ते खालून ओढलं गेलं.

मी हात झटकला. तेवढ्यात ती अख्खी ओळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकाच वेळी बोटभर खाली गेली.

काकांना हात दोनच होते.