स्वच्छ दिसणारं पाणी

तळ्यातली रोहू माशाची पिल्लं जेवेनाशी झाली होती. एरवी भाताचा कोंडा पाण्यावर टाकला की त्यांची झुंबड उडायची. आता कोंडा तसाच तरंगत राही. पिल्लं रोडावत चालली होती, आणि रोज सकाळी काही मेलेली सापडत.

ही पिल्लं शाल्मलीनेच तळ्यात सोडली होती. प्रत्येकाला तिने नावही ठेवलं होतं; कोणतं नाव कोणाचं, हे मात्र तिलाही सांगता येत नसे!

शेवटी तिने एक मेलेलं पिल्लू ढब्बूसमोर ठेवलं. ढब्बू म्हणजे घरातला गोलमटोल यंत्रमानव. त्याच्या डाव्या डोळ्यात सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं उपकरण) होता, आणि त्याचा त्याला भारी तोरा.

"हे उपाशी मेलं, पण याचं पोट भरलेलं आहे," पिल्लाचं पोट तपासून ढब्बू म्हणाला आणि त्याने भिंतीवर चित्र पाडलं. निळे, लाल, पांढरे कण. "प्लास्टिक."

"काहीतरीच! गावात प्लास्टिकची एक पिशवी शोधून दाखव!" शाल्मली उखडली.

तिचंही खरंच होतं. तिचे आजोबा, आबा, प्लास्टिकचे शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावात पुनर्चक्रण केंद्र (जुन्या वस्तूंपासून पुन्हा कच्चा माल करण्याची जागा) काढलं. तिथे प्लास्टिकचा कचरा निवडायचा, त्याचे तुकडे करायचे, धुवायचे, वितळवायचे आणि दाणे पाडायचे. त्या दाण्यांच्या बादल्या होत, पाइप होत. आबांचं बालपण पाणीटंचाईत गेलेलं, म्हणून धुण्याचं पाणीही ते फेकू देत नसत. हौदात ते निवळलं, तळ दिसू लागला, की तळ्यात सोडत.

तळ्यात! म्हणजे हे कण आबांच्या केंद्रातूनच आलेले. आबांना हे सांगायचं कसं? केंद्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण गप्प बसलं तर उरलेली पिल्लंही जाणार होती.

ती केंद्रात गेली. "आबा, तुम्हाला वाईट वाटेल," एवढंच तिला बोलता आलं. बाकीचं ढब्बूने दाखवलं.

चित्र बघून आबा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने धुण्याचं यंत्र बंद केलं. ते पाहून शाल्मलीला रडूच आलं.

"रडू नकोस गं. चूक माझी आहे," आबा म्हणाले. "पाणी निवळलेलं दिसलं आणि मी ते स्वच्छ मानलं. तुकडे करताना, घासताना प्लास्टिकचा भुगा पडतो. त्यातले अगदी बारीक कण, म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक, तळाशी बसतच नाहीत, पाण्याबरोबर वाहत जातात. मासे ते खाणं समजून गिळतात. ते पचत नाहीत, पोट मात्र भरल्यासारखं वाटतं."

"मग केंद्र बंदच करायचं?"

"तसं केलं तर कचरा पुन्हा उकिरड्यावर जाईल, नाहीतर जळेल. शिवाय नवं प्लास्टिक करायचं तर खनिज तेल काढा, तापवा. त्यापेक्षा जुनं वितळवायला ऊर्जा बरीच कमी लागते. पण नुकसान कमी होतं म्हणजे शून्य होत नाही, हेच मी विसरलो."

पिल्लं त्याच दिवशी स्वच्छ टाकीत हलवली. सगळी वाचली नाहीत, पण बरीच वाचली. केंद्रात वाळूचे थर आणि अतिशय बारीक गाळणी बसली. आता तेच पाणी गाळून पुन्हा धुण्याला वापरतात, बाहेर सोडत नाहीत. गाळणीत अडकलेला गाळ पिंपात बंद करून ठेवतात. त्याचं काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही.

पावसाळ्यानंतर शेजारच्या गावची मंडळी केंद्र बघायला आली. आबांनी त्यांना आधी नेलं ते त्या गाळाच्या पिंपापाशी. "आमची चूक इथे आहे," ते म्हणाले. "दाणे नंतर बघू."

पाहुणे गेल्यावर शाल्मली म्हणाली, "आबा, मी मोठी झाले ना, की असं प्लास्टिक शोधून काढीन, जे पाण्यात गेलं तरी विरघळून जाईल. कोणाच्या पोटात राहणार नाही."

"काढशील!" आबांचे डोळे चमकले. "पण विरघळून त्याचं काय होतं, हे विचारणारं कुणीतरी जवळ ठेव. मला तू होतीस, म्हणून बरं झालं."