वाफखाऊ धिंगरी

बायको उज्ज्वला गेल्याचं कळलं तेव्हा विलास हावळ मागच्या खोलीत मशरूमच्या पिशव्यांवर पाणी फवारत होते. दवाखान्यातून त्यांना तिनेच घरी पाठवलं होतं. "इथं बसून काय करणार तुम्ही? तिकडं कळ्या वाळतील," असं म्हणाली होती. चौदा पिशव्यांपैकी नऊ झाल्या होत्या, तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, "येतो" म्हणाले, आणि उरलेल्या पाच पिशव्यांवर फवारा मारून मगच चप्पल घातली. हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही.

ही २०५१ सालच्या जानेवारीतली गोष्ट. इचलकरंजीत तेव्हा घरोघरी मशरूमची मांडणी असे. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या आणि रंगकामाच्या कारखान्यांमुळे शहराच्या हवेत रसायनांच्या वाफा असत. त्यावर उपाय म्हणून बारा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेने धिंगरी मशरूमचं नवं वाण तयार केलं. ते गिरणीतल्या वाया गेलेल्या कापसावर वाढे आणि हवेतल्या वाफाही खाई. कागदोपत्री त्याचं नाव 'वायुशोषक धिंगरी' होतं. लोक त्याला वाफखाऊ म्हणत. प्रत्येक घराला एक तोलफळी मिळाली होती. म्हणजे अशी फळी, की जी तिच्यावरच्या पिशवीचं वजन आपणच करी आणि आपणच नोंदवून ठेवी.

दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं उत्पन्न घटलं. लोकांनी कापसाला दोष दिला. एकट्या उज्ज्वलाचं उत्पन्न मात्र वाढत गेलं. पिशवीमागे सव्वा किलो, मग दीड. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणू लागले आणि इमारतीच्या हळदीकुंकवाला तिला शाल दिली गेली. ती शाल पांघरून ती सबंध संध्याकाळ पिशव्यांपुढे बसली होती.

ती गेल्यावर पहिल्याच तोड्याला पिशवीमागे अर्धा किलोही निघाला नाही.

विलासरावांनी चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून काम केलं होतं. माग बिघडला की एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, कापड बघायचं, मग दुसरा, ही त्यांची पद्धत. इथेही त्यांनी तेच केलं. आधी कापूस एक तास उकळला. मग मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतका सुकवून भरला. देठ लांब आणि टोप्या बारीक दिसल्या, म्हणजे खोली कोंदट आहे असं समजून खिडकी उघडी ठेवली. एका पिशवीवर हिरवी बुरशी दिसली, ती पिशवी लगेच बाहेर काढली. ओल तपासली, उजेड तपासला. सगळं वहीत लिहिलं. उत्पन्न तिथंच राहिलं.

त्यांना घाई होती. उज्ज्वलाने ज्वारीवर वाढवलेल्या बियाण्याच्या चारच बाटल्या उरल्या होत्या. दर हंगामात ती सगळ्यात जोमदार मशरूमचा आतला तुकडा घेऊन पुढचं बी करायची. बारा वर्षं तिने ती साखळी तुटू दिली नव्हती. असल्या मरतुकड्या झुपक्यांतून बी धरलं असतं तर एकदोन हंगामांत सगळं संपलं असतं. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दीपाली सुतारकडे त्याच बियाण्याच्या पिशव्या होत्या आणि त्यांना भरभरून मशरूम येत होते. विलासराव वही घेऊन खाली गेले.

"या की काका!" दीपालीने दार उघडलं. "वही घेऊन आलाय व्हय? परीक्षा हाय का माझी?"

"तू काय निराळं करतेस ते सांग."

"काय बी नाही. काकूंनी शिकवलं तसंच. फवारा झाला की टोपीवर पाणी साचतं. ऱ्हायलं तर टोपी पिवळी पडती. ते फुंकून उडवायचं, एकेक झुपका. तुम्ही काय करता?"

"टेबलफॅन लावतो."

"फॅन!" ती हसत खालीच बसली. "काकू वरनं बघून कपाळाला हात लावत असतील. अहो, माग न्हवं तो. लेकरागत फुंकर घालायची."

जाताना तिने त्यांना वाळवलेल्या मशरूमची बरणी दिली. "न्या. मला हल्ली जेवणच जात नाही."

विलासरावांनी तीन आठवडे रोज फुंकर घातली. वहीत लिहिलं : फरक नाही. मग एक पिशवी, वही आणि दोन बरण्या घेऊन ते कोल्हापूरच्या बसमध्ये बसले. एका बरणीत उज्ज्वलाने दिवाळीत वाळवलेले मशरूम होते, दुसरीत दीपालीचे.

हे वाण घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. नीलोफर मुजावर, अजून त्या प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी सगळं ठेवून घेतलं आणि आठ दिवसांनी विलासरावांना परत बोलावलं.

"हावळकाका, तुमच्या पिशवीत काही दोष नाही."

"मग उत्पन्न कमी का, मॅडम?"

"कमी नाही. या वाणाचं खरं उत्पन्न एवढंच आहे. आम्ही त्याला वाफ खायला लावलं, आणि ती मिळाली की ते जास्त फळ धरू लागलं. दोन वर्षांपूर्वी कारखान्यांच्या धुराड्यांना गाळण्या बसल्या. हवा स्वच्छ झाली, त्याचं वरचं खाणं बंद झालं."

"हिचं तर तेव्हाच वाढलं."

"तेच मला कोडं होतं. मशरूमने जे खाल्लं त्याची खूण आत राहते. तुमच्या दोन्ही बरण्यांत कारखान्याची वाफ अजिबात नाही. वेगळ्या पाच वाफा आहेत. त्या माणसाच्या श्वासातून येतात."

"ती फुंकायची," विलासराव म्हणाले. "पण मीसुद्धा फुंकलं की."

"निरोगी माणसाच्या श्वासात त्या नसल्यासारख्याच असतात. इतक्या वाफा यायला आत काहीतरी बिघडावं लागतं. काकूंना काय झालं होतं?"

"स्वादुपिंडाचा कॅन्सर. ऑक्टोबरात कळलं. जानेवारीत गेली."

मुजावर मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. घरच्या तोलफळीच्या बारा वर्षांच्या नोंदी होत्या. रेघ वर चढायला लागली होती ती २०४९ च्या फेब्रुवारीत.

विलासरावांनी बोटावर महिने मोजले. ऑक्टोबरपर्यंत वीस झाले. "तेव्हा कळलं असतं तर?"

"ऑपरेशन करता आलं असतं. त्या बऱ्या झाल्या असत्या असं मी छातीठोक सांगणार नाही. पण वेळ मिळाला असता."

"आम्ही तिला शाल दिली," विलासराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं?"

"त्याने काही होत नाही. ते मशरूमने पचवलेलं असतं." मॅडमनी बरण्या पुढे ओढल्या. "एक तेवढं विचारायचं होतं. दोन्ही बरण्यांत त्याच पाच वाफा, म्हणून मी एकाच माणसाच्या श्वासातल्या धरल्या. दुसरीत प्रमाण बरंच कमी आहे. पण तिच्यावर मार्चची तारीख आहे. काकू तर जानेवारीत गेल्या. तारीख चुकली का?"

विलासरावांनी बरणी फिरवून तारीख वाचली.

"चुकली नाही," ते म्हणाले. "ती दीपालीची आहे. आमच्याच इमारतीतली."

मॅडमनी फोन उचलला आणि ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून गुरुवारची तपासणी ठरवली. चिठ्ठी लिहून दिली. "हे निदान नाही, काका. शंका आहे. पण खरी निघाली तर अगदी सुरुवात आहे. म्हणूनच थांबायचं नाही. मी येऊ का सांगायला?"

"नको. तुम्हाला बघून घाबरेल ती. माझ्यावर नुसती ओरडेल."

बस इचलकरंजीला पोचली तेव्हा चार वाजले होते. ते थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. दीपालीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात परात होती.

"काका, बघा! एका पिशवीला किलोच्या वर! काय म्हणाल्या मॅडम? दोष सापडला?"

"पिशवीत दोष नाही म्हणाल्या."

"मग तुमच्यातच हाय!" ती हसली. "बसा. च्या टाकते. पाहुण्यागत दारात काय उभे?"

ते बसल्यावर तिने परातीतला सगळ्यात मोठा झुपका उचलला. टोप्या तळहाताएवढ्या होत्या, पांढऱ्या, जाड, कडा खाली वळलेल्या. तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे घ्या. ह्यातनं बी धरा. काकूंचंच हाय, मी नुसतं सांभाळलं. आता म्हणू नका साखळी तुटली."

तीन महिने ते असाच एक झुपका शोधत होते. कागदातून त्याचा गारवा मांडीला लागत होता. दीपाली आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग तिचा : "साखर किती, काका?"

"अर्धा चमचा," ते म्हणाले.

तपासणी गुरुवारी सकाळी नऊला होती. चिठ्ठी त्यांच्या वरच्या खिशात होती. दीपालीला अजून सांगायचं होतं.