हरलेल्या सामन्यांचा रविवार

त्या रविवारी कोलोनमध्ये ट्रामवाल्यांचा संप होता, आणि पाऊस असा चिकट भुरभुरत होता की छत्री उघडावी तर उगाचच वाटावं, न उघडावी तर केस ओले. शमिका एहरेनफेल्ड भागातल्या कोपऱ्यावरच्या त्या पबमध्ये शिरली ती फक्त फोन चार्ज करायला.

"आई, फोन बंद पडतोय, नंतर बोलते," असं म्हणून तिनं मान वर केली, तर समोरच्या पडद्यावर हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं ओळीनं वाकून उभी. अमेरिकन फुटबॉल. मधल्यानं पायांमधून चेंडू मागे फेकला, तो ज्याच्या हातात जायचा त्याच्या डोक्यावरून सरळ पार गेला… आणि सगळ्यांची एकच धावाधाव. अंतिम सामन्याची सुरुवातच अशी. शमिकाला खुदकन हसू आलं.

पुढच्या टेबलावरचा एक तरुण वळला. दाढी थोडी वाढलेली, डोळे हसरे.

"हसू नका हो," तो चक्क मराठीत म्हणाला. "इथे शोकसभा चालू आहे."

"कोण गेलं?"

"डेन्व्हर. २०१४ साली. आठाला त्रेचाळीस." त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "बसा. चार्जर इथेही आहे."

त्याचं नाव अनय. सांगलीचा, गिअरबॉक्सचं डिझाइन करणारा इंजिनिअर. अमेरिकेतले अंतिम सामने जर्मनीत मध्यरात्री दिसतात आणि सकाळी ऑफिस असतं, म्हणून त्याच्या या चार-पाच जणांच्या टोळक्यानं रविवारी दुपारी जुने सामने लावायचं ठरवलं होतं. तेही फक्त फसलेले. एकतर्फी, कंटाळवाणे, हातातले घालवलेले.

"चांगले का नाही बघत?" शमिकानं विचारलं.

"चांगला सामना कुणीही एकटं बघेल. वाईटाला सोबत लागते."

पुढच्या रविवारी ट्राम वेळेवर होत्या, तरी ती आली. त्याच्या पुढच्याही. मीठमिरीच्या बाटल्या मांडून अनय तिला डाव समजावून सांगायचा, आणि हळूहळू 'अहो शमिका'चं 'अगं शमिका' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात आठवडा घालवणारी शमिका आता रविवारकडे डोळे लावून बसू लागली.

सगळं कसं छान होतं… योहाना सोडली तर.

योहाना शाळेत खेळ शिकवायची. उंच, लांब पायांची, मोकळं हसणारी. हे टोळकं तिनं आणि अनयनंच जमवलेलं. ती येताच अनयच्या ताटलीतले तळलेले बटाटे न विचारता उचलायची, त्याचं अर्धं वाक्य पूर्ण करायची, थंडी वाजली की खुर्चीवरचं त्याचं जॅकेट खांद्यावर टाकायची. हेही शमिकानं गिळलं असतं. पण एकदा अनय दुसरी बिअर मागवायला लागला, तेव्हा योहाना तिच्या जर्मन उच्चारात सहज म्हणाली, "कशाला, अनाय?"

कशाला. मराठीत. शमिकाच्या आत काहीतरी चर्रकन भाजलं. जॅकेट द्यावं, बटाटे द्यावेत… पण हा शब्द?

"तिला मराठी शिकवतोस वाटतं," परतताना ती म्हणाली.

"आईशी फोनवर बोलताना ऐकून उचलला तिनं. गोड म्हणते ना?"

"हो. फारच." आणि कोटाची कॉलर वर करून ती भराभर पुढे चालू लागली. अनयला वाटलं, तिला थंडी बाधली.

मार्च उजाडला. त्या रविवारी २०१९चा सामना होता, तेरा-तीन. इतक्या कमी गुणांचा अंतिम सामना आधी कधी झाला नव्हता. सगळे जांभया देत असताना अनय हळूच म्हणाला, "शमिका, मला वोल्फ्सबुर्गला नोकरी मिळतेय. मेपासून."

वोल्फ्सबुर्ग म्हणजे रेल्वेनं जवळजवळ चार तास. "कधी ठरलं?"

"परवा. अर्ज मात्र जानेवारीतच केला होता. योहानानं त्यातलं जर्मन तपासून दिलं…"

"म्हणजे तिला जानेवारीपासून माहीत आहे."

"अगं, भाषेसाठी—"

"मग तिलाच घेऊन जा वोल्फ्सबुर्गला." आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा आला होता. कोट उचलून ती बाहेर पडली. अनय दारापर्यंत आला. तिनं मागे पाहिलं नाही.

पुढचा रविवार ती घरीच राहिली. त्याचे दोन मेसेज आले, दोन्ही तिनं नुसते वाचले. दुपारभर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र… त्याचं जॅकेट आणि त्यात योहाना.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शमिका ऑफिसबाहेर आली, तर सायकल धरून योहानाच उभी.

"तू माझ्यावर जळतेस का?" तिनं जर्मनमध्ये सरळ विचारलं. जर्मन लोक हवापाण्यावर बोलावं तसं हे बोलतात.

शमिकाला खोटं सुचलं नाही. "हो."

"गेनाऊ, अगदी तेच. मला वाटलंच." योहाना सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिली. "कार्निव्हलच्या वेळी मी त्याला विचारलं होतं. माझ्याबरोबर राहशील का म्हणून. तो नाही म्हणाला. टाळाटाळही केली नाही, नीट समजावून सांगितलं, त्यामुळे जास्तच लागलं."

"काय सांगितलं?"

"की एक मुलगी रविवारी येते आणि दर वेळी हरणाऱ्यांच्या बाजूनं ओरडते. तिला विचारायची त्याची हिंमत होत नाही, पण दुसरीला हो म्हणायचीही होत नाही."

जिच्यावर शमिका महिनोन्‌महिने धुमसत होती, ती केव्हाच हरून बसली होती. आणि तरी दर रविवारी येत होती, हसत होती.

"मग हे मला का सांगतेस?"

"कारण तो आता सामने बघत नाही, दाराकडे बघतो. आम्हाला कंटाळा येतो." योहाना हसली, पण डोळे नाही हसले. सायकलवर टांग टाकून ती निघून गेली.

रविवारी शमिका लवकर पोचली. अनय एकटाच खुर्च्या मांडत होता. तिला पाहून तो खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

"आज कुणाचा शोक?" तिनं विचारलं.

"बफेलोचा. सलग चार वर्षं अंतिम सामन्यात हरले. त्यातला हा पहिला… एका गुणानं. शेवटची किक खांबाच्या जरा उजवीकडून गेली."

"निदान मारली तरी त्यांनी."

त्यानं हातातली खुर्ची तिच्यासाठी टेबलाशी ठेवली आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतः बसला. मग लाल झालेल्या कानशिलांनी म्हणाला, "मला वाटायचं, विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर रविवारही जाईल."

"आणि मी पाच महिने योहानावर जळतेय, ते काय मिठाच्या बाटल्यांसाठी?"

"जळतेयस?" त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद पसरला की तिला रागवावं की हसावं कळेना.

"विचार आता. सगळे यायच्या आत."

त्यानं विचारलं. अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये, मध्येच वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या वेळा घालून. ती हो म्हणाली. "पण माझी नोकरी मी सोडणार नाही. एक शनिवार-रविवार मी येईन, पुढचा तू यायचं." त्यानं मान हलवली आणि टेबलाखाली तिचा हात धरला.

दार उघडलं. योहाना आत आली, तिनं दोघांकडे पाहिलं, आणि क्षणभर दारातच थांबली. मग "आल्झो, चला तर, लावा," म्हणत पलीकडच्या टोकाच्या खुर्चीवर बसली.

सामना सुरू झाला. अंधारलेल्या पबमध्ये पडद्याचा निळा उजेड योहानाच्या चेहऱ्यावर पडला होता. कुणी बघत नसताना तो चेहरा कसा दिसतो, हे शमिकानं पहिल्यांदाच पाहिलं. इतके महिने आत पेटलेलं काहीतरी निवलं, आणि त्याच्या जागी योहानासाठी नुसतीच एक कळ उरली.

"काय झालं?" अनयनं कुजबुजत विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. त्याचा हात मात्र तिनं सोडला नाही.