पालाणगडचा विडा

पालाणगडाच्या पूर्वेकडील खिंडारावर दिवसाची पहिली उन्हं उतरली, आणि आठ महिने दर पहाटे जिथून घणाचे आवाज उठत, त्या अर्ध्या बांधलेल्या बुरुजावर त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. सदरेवर नगारा झाला होता. चाळीस पाथरवट हत्यारांसकट आवारात उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या मागे भालाईतांची रांग उभी होती.

भानगड एका कागदाची होती. किल्लेदार हैबतरावांनी बुरुजासाठी ही माणसं वेठीला धरून आणली आणि गडाचा दरवाजा त्यांना बंद केला. बायकामुलांचं तोंड दिसलं नाही, पेरण्या हुकल्या. रजा मागायला गेलेल्या दोघांचा कडेलोट झाला. तेव्हा पाथरवटांनी गडावर आलेल्या एका भिक्षुकाकडून अर्ज लिहवून त्याच्याच हाती हुजुरांकडे धाडला. हुजुरांच्या दफ्तरात हैबतरावांचं मीठ खाल्लेला कोणी कारकून निघाला, आणि कागद आला तसा फिरून गडावर पोचला.

आता कागदाखाली नाव कुणाचंच नव्हतं. कुणब्यानं नांगर काढायचा, शिंप्यानं कातर, पाथरवटानं छिन्नी, ही त्या काळची सहीची रीत. छिन्नी अख्ख्या जमातीची. ती कुणाच्या हातानं उमटली, हे कागद सांगत नव्हता.

ते ठाऊक होतं दोघांना. निशाणी काढली होती पाथरवटांचा नाईक सटवाजी यानं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कागद दगडावर दाबून धरला होता त्याच्या धाकट्या भावानं, जानबानं. ज्याची छिन्नी त्याचा कडेलोट, असं किल्लेदारांनी नगाऱ्यावर जाहीर केलं, तेव्हा सटवाजीनं भावाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शेजारच्यानं ते टिपलं असतं.

मग एकेकाला आत बोलावणं आलं. पहिला गेला, घटकाभरानं बाहेर आला, आणि त्याचे ओठ लाल होते. आवारात सगळ्यांना कळलं. दरबारातला विडा जो घेतो, तो काम पत्करतो. आणि त्या दिवशी पत्करण्यासारखं काम एकच होतं. दुसरा आला, त्याचेही ओठ लाल. तिसराही तसाच. काल एका ताटात जेवलेली माणसं बाहेर येऊन एकमेकांपासून हात हात अंतर सोडून बसू लागली.

जानबाही विडा चघळत बाहेर आला आणि नेमका सटवाजीशेजारी टेकला.

"काय विचारलं?" सटवाजी ओठ न हलवता म्हणाला.

"काही नाही."

"विडा तर खाल्लास."

"भाला पाठीला होता, दादा. खाल्ला."

"माझं नाव घेतलंस का रे?"

जानबाचं चघळणं थांबलं. त्यानं भावाकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली. सटवाजीला ती कबुलीच वाटली. माणूस भ्यायला की त्याची बुद्धी भलतीच चपळ होते. ज्याला कडेवर घेऊन खाणीवर नेलं, ज्याच्या हातात पहिली छिन्नी आपण दिली, त्याचंच नाव आपण आधी सांगून टाकलं तर, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. आला हे खरं आहे, लपवून काय करायचं?

सर्वांत शेवटी नाईकाला बोलावणं आलं. हैबतराव सबनिसांशी सोंगट्या खेळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"या नाईक. तबकातला विडा घ्या, घटकाभर टेका."

सटवाजीनं मुजरा करून विडा उचलला आणि वाट पाहिली. सबनिसांनी फासे टाकले. किल्लेदारांनी सोंगटी सरकवली. कुणी काही विचारीना.

"सरकार, हुकूम व्हावा."

"हुकूम कसला? विडा खावा आणि जावं."

"कामावाचून विडा खाण्याची आमच्यात रीत नाही, सरकार."

हैबतराव प्रसन्न हसले. "काम बाहेर चालू आहे, नाईक. आम्हांला बोलायचीही गरज नाही. उद्यापर्यंत तुमचेच लोक नाव घेऊन येतील, एक नव्हे, दहा."

जानबा खरं बोलला होता. काही विचारलं नाही, हे चाळिसांतल्या प्रत्येकानं खरं सांगितलं असतं, तरी कुणावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. तोंडात न घातलेला विडा मुठीत धरून तो तडक सदरेच्या पायरीवर आला.

"ऐका रे! मला आत काहीही विचारलं नाही. विडा दिला, बसवलं, उठवलं. तुम्हांला काय विचारलं ते मोठ्यानं सांगा."

भालाईत पुढे सरकले. मग कोपऱ्यातून म्हातारा येमाजी खाकरला. "मला बी कायच इचारलं न्हाई."

"मलाही नाही," दुसरा म्हणाला. मग तिसरा, मग सगळे.

"आता हेही ऐका. ती छिन्नी माझी. तिच्यापायी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू नका."

हैबतराव बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी कडेलोटाचा हुकूम सोडला. तेव्हा येमाजी उठला, त्यानं आपली छिन्नी पायरीवर ठेवली आणि परत जाऊन बसला. एकामागून एक चाळीस छिन्न्या पायरीवर आल्या. महिन्यावर हुजुरांची गडपाहणी होती, खिंडार उघडं होतं, आणि ते बुजवणारे हात मांड्यांवर स्वस्थ पडले होते.

कडेलोट टळला. सटवाजीचे पाय लाकडी खोड्यात अडकवले, इतरांचं अन्न तोडलं, चाबूक चालले. येमाजी पाचव्या दिवशी गेला. नवव्या दिवशी किल्लेदारांनी पाळीपाळीनं रजा कबूल केली आणि गडाचा दरवाजा उघडला.

खोड्यानं सटवाजीचे पाय कायमचे गेले होते. जानबानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि तो सबंध गड उतरला. पायथ्याशी आल्यावर सटवाजीच्यानं राहवेना.

"जान्या, रागावलास का रे?"

"साऱ्या गडानं संशय घेतला, त्याचं काय वाटलं नाही," जानबा चालता चालता म्हणाला. "पण तू विचारलंस."

सटवाजीनं त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि तो रडला. भावानं त्याला उंबऱ्याच्या आत नेऊन अंथरुणावर नीट टेकवलं. पुढं वीस वर्षं त्यानं थोरल्याचं घर चालवलं, त्याच्या पोरींची लग्नं लावली, दर सकाळी त्याला उचलून उन्हात बसवलं. फक्त त्या दिवसापासून तो त्याला दादा न म्हणता नाईक म्हणू लागला.