आत, बाहेर, नको

तो समोरचा दिवा मालवा, डोळ्यांवर येतो. ओसरीवरचा पुरे. आणि मधे मधे विचारू नका रे, माझा धागा तुटतो.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या भिंतीला भिंत लावून बारा वर्षं राहिला. खोटं बोलायचा नाही. बोलायचाच कमी. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे, म्हणून सगळे त्याला किडा म्हणत. माझं शिक्षण सहीपुरतं. तेव्हा यंत्राचं जे सांगेन ते त्याने मला समजावलं तसं.

नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी किडा घरातून निघाला. एका हातात चहाचा थर्मास, काखेत धुतलेलं पांघरूण. थोरला भाऊ दवाखान्यात होता. छातीत पाणी झालेलं, तोंडावर मास्क, आठवा दिवस. लहानपणी किड्याने घरातला रेडिओ उघडून त्याचं वाटोळं केलं होतं, तेव्हा "मी उघडला" म्हणून मार ह्या थोरल्याने खाल्ला होता. असा भाऊ.

वॉर्डात वहिनी बसलेली. "भावोजी, आज दोन घोट पेज गेली पोटात," म्हणाली. बरं वाटलं त्याला. पांघरूण घातलं, चहा ओतला. भावाने मास्कच्या आतून डोळ्यांनीच विचारलं, जेवलास का.

नऊ चाळीसला वॉर्डाच्या कोपऱ्यात ऑक्सिजन कमी पडल्याची घंटी वाजू लागली.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती. तिथे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढायचा प्लँट. तो प्लँट एक जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला होता. प्लँट ठप्प.

सिलिंडर फिरवणारा माणूस धावत आला. काडीसारखा बारीक, म्हणून नाव पहिलवान. म्हणाला, "किड्या, तू कॉम्प्युटरचे डबे उघडतोस ना? चल. सिलिंडर अकरा आहेत, माणसं नऊ. चार वाजेपर्यंत ओढतील."

"आणि चारनंतर?"

"टँकर निघालाय. पण पूल दुरुस्तीला, लांबून फिरून येणार. सातच्या आत नाही."

चार ते सात. तीन तास. तोंडावरचा मास्क तीन मिनिटं काढला तरी भावाचे ओठ निळे पडत होते.

किड्याने नोंदणी खिडकीवरचा कॉम्प्युटर उचलून आणला. साधाच, पैशाला पासरी मिळतो तसला. जुन्या यंत्रातली डिस्क आणि प्लँटला हुकूम देणारं कार्ड त्यात बसवलं. चालू केलं. पडदा काळा, वर एक ओळ, आणि थांबला.

आता नीट ऐका. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत एक मुकादम असतो. कॉम्प्युटरवाले त्याला कर्नल म्हणतात, आपण मुकादम म्हणू. डिस्क, बटणं, पडदा, सगळ्यांकडून काम तो करून घेतो. पण त्याला जे ओळखीचे करून दिलेत तेच ओळखतो. ह्या डिस्कवरचा मुकादम जुन्या बोर्डासाठी बेतून केलेला. नव्या जागी त्याला कुणीच ओळखीचं नव्हतं. किड्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर दुसरा मुकादम होता, तो साऱ्या जगाला ओळखत होता, फक्त प्लँटच्या कार्डाला नाही.

म्हणजे नवा मुकादम घडवायचा. तो घडवताना यंत्र प्रश्न विचारतं. हे आहे का? ते आहे का? शेकड्यांनी प्रश्न. उत्तरं तीनच. आत, म्हणजे मुकादमाच्या अंगातच मुरवून टाक. बाहेर, म्हणजे डिस्कवर ठेव, लागेल तेव्हा बोलावू. नाहीतर नको.

किडा पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून बसला. बाहेर. नको. नको. आत. बाहेर.

"परीक्षेला बसलास की काय?" पहिलवान म्हणाला.

"नापास झालो तर तू सांग वहिनीला."

पहिलवान सिलिंडर बदलायला गेला.

पाऊण वाजता प्रश्न संपले. मुकादम घडायला एक्केचाळीस मिनिटं लागली. दीड वाजता किड्याने तो डिस्कवर टाकला, पेनड्राइव्ह काढला, यंत्र चालू केलं. ओळी धावल्या. आणि थांबल्या. डिस्क सापडत नाही.

डिस्क ओळखायची विद्या त्याने 'बाहेर' ठेवली होती. म्हणजे डिस्कवरच. कपाटाची चावी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप. शिकाऊ पोरं करतात ती चूक. आणि घाईत उत्तरंही कुठे साठवली नव्हती. यंत्र बंद झालं तशी सगळी पुसली गेली.

पुन्हा पहिल्यापासून.

वॉर्डातून वहिनीचा फोन. "भावोजी, ह्यांची बोटं गार लागतायत."

"चोळ, वहिनी. चोळत राहा."

"होईल ना हो?"

"होईल."

फोन ठेवला तेव्हा त्याचाच हात गार होता.

एक चाळीसला दुसऱ्यांदा बसला. प्रश्न तेच. डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली. कानात वहिनीचं 'बोटं गार' एवढंच. शेवटी त्याने कारागिराने कधी करू नये ते केलं. एंटरच्या बटणावर अंगठा दाबून धरला. यंत्राने सुचवलेलं उत्तर ते आपलं उत्तर, न वाचता. सरसर ओळी वर जाऊ लागल्या.

मधेच थांबल्या.

अंगठा तसाच दाबलेला. प्रश्न पुढे सरकेना. तोच परत. तोच परत. बटण अडकलं असं वाटून त्याने अंगठा उचलला, एकदाच दाबला. तोच प्रश्न. डोळे चोळून वाचला.

डिस्कचा प्रश्न होता. सुचवलेलं उत्तर... बाहेर.

तीच चूक तो दुसऱ्यांदा करत होता. 'आत' दाबलं. प्रश्न मुकाट पुढे सरकला.

"पहिलवान, तू काही केलंस का रे?" त्याने मागे न बघता विचारलं.

पहिलवान खोलीत नव्हता. बाहेर अंगणात सिलिंडर ओढल्याचा खडखडाट येत होता. पण मागे कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता. मास्कमधून घेतात तसा. ओढून... थांबून... ओढून.

किडा वळला. खोली रिकामी. बंद पडलेला प्लँट, भिंतीवर दाबाचं घड्याळ, दारामागे झाडू.

तो पुन्हा पडद्याकडे वळला. आता एकेक प्रश्न वाचत होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी शेवटचा प्रश्न संपला, असं त्याला वाटलं.

खाली अजून एक आला.

एवढी वर्षं मुकादम घडवले त्याने. हा प्रश्न कधी बघितला नव्हता. भाषा यंत्राचीच, इंग्रजी. अर्थ मला त्याने सांगितला तो असा: इथे थांबलेलं आहे ते. खाली नेहमीची तीन उत्तरं. आत. बाहेर. नको.

सुचवलेलं उत्तर नव्हतं.

त्याने 'नको' दाबलं.

प्रश्न परत आला.

नको. परत आला. 'बाहेर' दाबून बघितलं. परत. मागचा श्वास आता जवळ आला होता. मानेवर. गार नव्हता तो. ऊबदार होता. किडा म्हणायचा, काका, तेच वाईट होतं. ऊबदार होता.

नको. नको. नको.

तीन तेरा. फोन. पहिलवान.

"किड्या... शेवटचा लावला."

"किती चालेल?"

पलीकडे पान्हा खाली पडल्याचा आवाज.

"अरे, किती?"

"चाळीस... पंचेचाळीस मिनिटं. तुझ्या वहिनीला काय सांगू?"

मुकादम घडायला एक्केचाळीस मिनिटं लागतात. मघाशी मोजलेली. आता ह्या क्षणी सुरू केलं तर पुरतं. यंत्र बंद करून पुन्हा पहिल्यापासून... शक्यच नव्हतं.

मागचं श्वास घ्यायचं थांबलं. वाट बघावी तसं.

किड्याने हात जोडले नाहीत, कुणाचं नाव घेतलं नाही. त्या रिकाम्या खोलीला हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, "माझ्या भावाचं काही घेऊ नकोस. मग ये."

आणि 'आत' दाबलं.

प्रश्न गेला. घडवणं सुरू झालं.

ती एक्केचाळीस मिनिटं तो जागचा हलला नाही. मागे वळला नाही. उत्तरं तेवढी पेनड्राइव्हवर साठवली. ओळी येत होत्या, जात होत्या. वॉर्डातून फोन नाही. फोन नाही म्हणजे काय, हे तो मनात येऊ देत नव्हता.

तीन चोपन्नला मुकादम तयार. डिस्कवर टाकला. पेनड्राइव्ह काढला. चालू.

एक ओळ. दुसरी. डिस्क सापडली. बटणं सापडली. कार्ड सापडलं.

मग एक ओळ नुसती कोरी.

मग प्लँट घरघरला. खोलीतली जमीन थरथरली. भिंतीवरचा काटा उठला.

किडा धावला. जिन्यात चप्पल गेली, तसाच धावला. वॉर्डाच्या दारात पहिलवान खाली बसलेला, गुडघ्यांत डोकं. किडा दाराची चौकट धरून थांबला. तेवढ्यात आतून वहिनी म्हणाली, "भावोजी, हळू. आत्ता लागलाय डोळा ह्यांचा."

त्या रात्रीनंतर अकराव्या दिवशी भाऊ चालत घरी आला. अजून आहे. चिडका आहे, पण आहे.

किड्याने नंतर साठवलेली उत्तरं काढून बघितली. एक एक ओळ. डिस्कच्या पुढे 'आत' होतं. तो शेवटचा प्रश्न कुठेच नव्हता. तेव्हा त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मनाशी म्हणाला, शिणलेल्या डोक्याचे खेळ.

जानेवारीच्या अखेरीस वॉर्ड रंगवायला काढला. रोगी दुसरीकडे हलवले. पलंग बाहेर, भिंतीतल्या सगळ्या तोट्या बंद. त्या संध्याकाळी पहिलवानाने किड्याला बोलावून घेतलं. प्लँटच्या खोलीत नेलं आणि वॉर्डाकडे जाणाऱ्या नळीवरचं, हवा किती जाते ते सांगणारं घड्याळ दाखवलं.

तिकडे माणूस नव्हता. काटा शून्यावर पडलेला हवा होता.

काटा वर गेला... थांबला... खाली आला.

वर... थांबला... खाली.

"गळती असेल," किडा म्हणाला.

"गळती दम घेते का रे?"

किड्याने नळीची चावी फिरवली. पूर्ण बंद केली. काटा खाली येऊन टेकला. दोघं बघत राहिले. दहा मोजले असतील.

मग काटा थरथरला. भरभर. वर-खाली, वर-खाली, वर... त्या रात्री किड्याचा भाऊ असाच धापा टाकत होता.

पहिलवानाने किड्याला बाजूला ढकललं आणि दोन्ही हातांनी चावी उघडली.

काटा हळूहळू शांत झाला.

वर... थांबला... खाली.

वॉर्ड रंगवून झाला. त्या दवाखान्यात आता नवीन इमारत आहे, नवा प्लँट आहे. जुन्या वॉर्डात कुणाला ठेवत नाहीत. जुना प्लँट मात्र पहिलवान अजून बंद करू देत नाही, आणि कारण विचारलं तर तो विचारणाऱ्याला त्या काट्यासमोर नेऊन उभा करतो.